गुलामांचा कापूस आणि खानदेशची उचल

दरसाल दसरा-दिवाळी उलटली म्हणजे खानदेशांत दोन प्रकारची वाहतूक सुरू होते. एक कापसाची. मेहरूण-शिरसोलीच्या शिवारापासून थेट चोपडा-यावलपर्यंत वेंचलेला कापूस जळगांव, धरणगांव, अमळनेर येथील जिनांच्या आवारांत येऊन पडतो, आणि त्याचा भाव वर्तमानपत्रांतून रोजच्या रोज प्रसिद्ध होतो. दुसरी वाहतूक माणसांची. नंदुरबार व धुळें जिल्ह्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबें आणि चाळीसगांवकडील तांड्यांवरील बंजारा कुटुंबें पोरेंबाळें व भांडींकुंडीं घेऊन मालमोटारींत बसतात, आणि ऊसतोडीसाठीं दक्षिण गुजराथेंत किंवा पश्चिम महाराष्ट्रांत रवाना होतात. त्यांचा भाव कोठेंही छापला जात नाहीं. तो उचलीच्या रूपानें आधींच ठरलेला असून मुकादमाच्या वहींत लिहिलेला असतो. पहिल्या वाहतुकीविषयीं आमच्या पेढ्यांवर रोज चर्चा चालते; दुसरीविषयीं चालत नाहीं. ती कां चालावी, हें सांगण्यासाठीं आजचा लेख आहे.

युरोपीय राष्ट्रांच्या समुद्रापलीकडील साम्राज्यविस्ताराचा व अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराचा हिशेब मागण्याचें काम अलीकडे जगांत पुन्हा सुरू झालें आहे. कॅरिबियन समुद्रांतील राष्ट्रांच्या संघानें २०१४ सालीं भरपाईची दहा कलमी मागणी मांडली, आणि तेव्हांपासून हा वाद थांबलेला नाहीं. हा वाद लंडन, लिस्बन व किंग्स्टन येथला. खानदेशास त्याचें काय, असें पुष्कळांस वाटेल. आमचें म्हणणें असें कीं, त्या हिशेबाचें एक पान आमच्या कापसाच्या काट्यापाशीं लिहिलें गेलें आहे, आणि तें वाचल्यावांचून आमच्या आजच्या मजुरीचा प्रश्न नीट समजणार नाहीं.

प्रथम मूळ गोष्ट थोडक्यांत पाहूं. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला आणि १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास आला. ह्या दोन्ही सफरी एकाच उद्योगाच्या होत्या: पूर्वेचा माल मध्यस्थांवांचून हातीं लागावा. पूर्वेस युरोपियनांना भरलेल्या बाजारपेठा मिळाल्या. पश्चिमेस रिकामी करून घेतलेली जमीन मिळाली. त्या जमिनीवर ऊस, तंबाखू व पुढें कापूस पिकविण्यास मजूर हवे होते, ते आफ्रिकेंतून आणले गेले. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६० च्या दशकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लक्ष माणसें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढविण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारे १ कोटी ७ लक्ष पलीकडे जिवंत उतरलीं. उरलेलीं सुमारे १८ लक्ष वाटेंतच मेलीं. खातेवहींत तूट लिहावी तशी ही तूट त्या काळच्या जहाजमालकांनीं लिहिली, आणि तिचा विमाही उतरविला.

हा व्यापार केवळ युरोप, आफ्रिका व अमेरिका ह्या तिघांतच चालला, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घेण्यास माल लागे: बंदुका, दारू, लोखंड, मालदीवच्या कवड्या आणि सर्वांत अधिक कापड. अठराव्या शतकांत ह्या कापडांत हिंदुस्थानी सुती मालाचा वांटा फार मोठा होता. गुजराथेंतील व कारोमांडल किनाऱ्यावरील निळ्या, पट्ट्यांच्या व चौकड्यांच्या कापडास तेथें इतकी मागणी होती कीं, त्यांतील एका जातीस 'गिनी' असेंच नांव पडलें. बऱ्हाणपुराहून तापीच्या खोऱ्यानें सुरतेस जाणारा मोठा व्यापारी रस्ता खानदेशांतूनच जात असे. विणकरास आपलें कापड कोणत्या किनाऱ्यावर उलगडलें जातें हें ठाऊक नव्हतें. त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु एवढें मात्र दिसतें कीं, माल दूर गेला म्हणजे त्यावर कोणाचा प्राण तोलला गेला हें विकणारास दिसत नाहीं. बाजाराचा हा गुण पुढील साऱ्या हकीकतींत ध्यानांत ठेविला पाहिजे.

आतां कापसाकडे वळूं. १७९३ सालीं एलाय व्हिटनी ह्या अमेरिकन गृहस्थानें सरकी वेगळी करण्याचें यंत्र काढलें. 'जिन' हा शब्द आज खानदेशांतील लहान पोरासही ठाऊक आहे. यंत्रानें माणसाचे कष्ट वांचावे अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडलें तें उलट. सरकी काढणें स्वस्त झालें म्हणून लागवड वाढली, आणि लागवड वाढली म्हणून खुरपणीस व वेंचणीस हात हवे झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९० च्या खानेसुमारींत सुमारे ७ लक्ष गुलाम होते. १८६० सालीं ते सुमारे ४० लक्ष झाले. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास तेथें बंदी होती. तरी जुन्या प्रांतांतून दक्षिणेकडील कापसाच्या नव्या मुलुखांत सुमारे १० लक्ष माणसें विकलीं अथवा हलविलीं गेलीं, आणि त्यांत नवरा-बायकोची व आई-लेकरांची ताटातूट हा नित्याचा प्रकार होता. ह्या हातांनीं वेंचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस जाई. १८६० च्या सुमारास इंग्लंडांत येणाऱ्या कापसापैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेचा असे.

एप्रिल १८६१ मध्यें गुलामगिरीच्या प्रश्नावरून तेथें यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, आणि लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाचा भाव पाहतां पाहतां सुमारे चौपट झाला. इंग्लंडच्या एकूण आयातींत हिंदुस्थानी कापूस १८६० सालीं षष्ठांशाच्या आसपास होता; १८६२ सालीं तो निम्म्याहून कितीतरी अधिक झाला. त्या काळीं पश्चिम हिंदुस्थानचा सारा कापूस लिव्हरपुलांत 'सुरती' ह्या एकाच नांवानें ओळखला जाई, आणि आंखूड धाग्यामुळें तेथील विणकर त्यास नाकें मुरडीत. पण दुसरा मिळत नव्हता. कापसांत पाणी, माती व सरकी मिसळण्याचा धंदा इतका वाढला कीं, मुंबई सरकारास १८६३ सालीं कापसांतील लबाडी रोखण्याचा कायदा करावा लागला. ह्याच दशकांत आगगाडीचा रस्ता खानदेशांतून पुढें गेला. त्या चार वर्षांत जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. मेहरूणच्या तलावाचें पाणी नळानें पिणारें जें शहर पुढें वाढलें, त्याच्या भरभराटीची सुरुवात ही अशी झाली. आमच्या शेतकऱ्याचे कष्ट व आमच्या व्यापाऱ्याची हुशारी त्यांत होतीच. परंतु भाव चढला तो त्यांमुळें नव्हे. सात समुद्रांपलीकडे गुलामांच्या सुटकेसाठीं लढाई चालू होती, म्हणून तो चढला.

आणि ती लढाई संपतांच उतरला. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. मुंबईंत वायद्यांवर व शेअरांवर चढलेले मनोरे १ जुलै १८६५ च्या देण्याघेण्याच्या दिवशीं कोसळले, आणि पुढें १८६८ सालीं खुद्द बाँबे बँक बुडाली. जळगांवच्या पेठेसही मोठी ठोकर बसली. व्यापारी पुन्हा उभा राहिला, कारण त्यास दुसरा हंगाम होता व दुसरा माल होता. कुणब्याचें तसें नव्हतें. चढत्या भावाच्या दिवसांत त्यानें कर्ज काढलें, सावकारानें मोकळ्या हातानें दिलें, आणि त्याच चढत्या भावाच्या आधारावर सरकारनें अनेक तालुक्यांत सारा वाढविला. भाव गेला, कर्ज व सारा राहिला. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा होऊन तो नगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांनीं मुख्यतः काय जाळलें, तर कर्जरोखे व वह्या. आपणांस कशानें बांधलें आहे, हें त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या लोकांस नेमकें कळलें होतें. १८७९ सालचा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा ह्याच दंग्यांतून आला.

आतां वाचकांनीं त्याच वर्षांत अमेरिकेंत काय झालें तें पाहावें. जानेवारी १८६५ मध्यें सेनापति शर्मन यानें किनाऱ्यालगतची कांहीं जमीन मुक्त कुटुंबांस चाळीस चाळीस एकरांपर्यंत वांटण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं ती बहुतेक जुन्या मालकांस परत दिली. डिसेंबरांत राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी रद्द झाली. पण मुक्त झालेल्या माणसापाशीं जमीन नव्हती, बैल नव्हता, दाणा नव्हता. तो जुन्याच मालकाच्या शेतावर वांट्यानें राबूं लागला, आणि पेरणीपासून वेंचणीपर्यंतचें धान्य व कापड दुकानदाराकडून उभ्या पिकाच्या तारणावर उधार घेऊं लागला. हंगामाच्या शेवटीं हिशेब होई, आणि बाकी बहुधा त्याच्याच नांवें निघे. मिसिसिपीच्या कांठीं आणि दक्षिणेंतील कापसाच्या मुलुखांत, एकमेकांचें तोंड न पाहिलेलीं दोन माणसें एकाच पिकासाठीं एकाच तऱ्हेनें बांधलीं गेलीं. एकाच्या पायांतील बेडी सुटली होती, दुसऱ्याच्या पायांत ती कधीं नव्हती. पण वहींतील बाकी दोघांच्याही नांवें होती.

ज्या काळीं आमची बाजारपेठ केवळ भावाकडे पाहत होती, त्या काळीं एका महाराष्ट्रीयानें त्या लढाईकडे निराळ्या नजरेनें पाहिलें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांस तो अर्पण केला. त्याच वर्षीं सत्यशोधक समाज स्थापन झाला. परक्यांच्या पापाचें वर्णन करून समाधान मानावें हा त्यांचा हेतु नव्हता. अमेरिकन लोकांनीं आपल्या घरांतील जें दास्य मोडलें, तसें आम्ही आमच्या घरांतील मोडावें, हें त्यांचें मागणें होतें. गोऱ्यांच्या गुलामगिरीचा निषेध करणें सोपें आहे. स्वतःच्या गांवकुसाबाहेर पाहणें कठीण आहे. सुधारणेची कसोटी दुसऱ्या कामांत लागते.

इंग्रज सरकारनें हें काम कसें केलें तेंही पाहण्यासारखें आहे. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली, आणि त्यासाठीं २ कोटी पौंड भरपाई देण्यांत आली. ही रक्कम त्या सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होती. तिच्यासाठीं काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ सालीं झाली. ती भरपाई मिळाली मालकांस. गुलामांस एक पैही मिळाली नाहीं. उलट १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नांवाखालीं त्यांस जुन्याच मालकाकडे राबावें लागलें. शिवाय ह्या कायद्यांतून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. खानदेश १८१८ पासून कंपनीच्या ताब्यांत होता. म्हणजे ज्या सुधारणेचा गौरव शाळांतून शिकविला गेला, ती येथें लागूच नव्हती. पुढें १८४३ च्या ५ व्या कायद्यानें कोर्टांनीं गुलामीचा हक्क मान्य करूं नये असें ठरलें. परंतु १८५९ च्या १३ व्या कायद्यानें आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षेचा धाक घातला, आणि हा कायदा १९२५ सालीं रद्द होईपर्यंत राहिला. दास्य कायद्याच्या एका दारानें बाहेर घातलें, आणि आगाऊ रकमेच्या दारानें आंत घेतलें.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मुक्त गुलामांच्या जागीं १८३४ पासून हिंदी गिरमिटिये नेले, त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेंही होतीं. त्यांचे वंशज तेथें आजही गणेशचतुर्थी पाळतात. ह्या पद्धतीविरुद्ध नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव आणला. सरकारी बहुमतानें तो फेटाळला गेला. पण पांच वर्षांनीं, १९१७ सालीं, गिरमिटियांची रवानगी थांबवावी लागली.

स्वतंत्र हिंदुस्थानानें ह्या बाबतींत जें केलें तें आमच्या मतें इंग्लंडाहून सरस आहे. राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठ व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. १९७५ सालीं वटहुकूम निघाला, आणि १९७६ सालीं वेठबिगार पद्धति रद्द करणारा कायदा झाला. ह्या कायद्यानें बांधलेल्या मजुरावरील कर्ज नुसतें स्थगित केलें नाहीं, तर तें मुळांतच नाहींसें केलें. आणि सावकारास त्याबद्दल भरपाई दिली नाहीं. मजुरानें हें कर्ज वेठीचें आहे असें म्हटलें, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. प्रत्येक जिल्ह्यांत व उपविभागांत दक्षता समिति नेमावी असें सांगितलें. १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटास जें सुचलें नाहीं, तें आमच्या कायदेमंडळास सुचलें.

हें आपोआप सुचलें नाहीं. त्यामागें देशांत ठिकठिकाणच्या श्रमिकांचा झगडा होता, आणि त्यांत खानदेशचाही वांटा आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभीं, तेव्हां धुळें जिल्ह्यांत असलेल्या शहादें तालुक्यांत, अंबरसिंग महाराज व त्यांचे सहकारी यांच्या चळवळींतून आणि श्रमिक संघटनेंतून भिल्ल शेतमजूर व सालदार उभे राहिले. आखाजीस सालदार ठरावयाचा, आगाऊ धान्य-पैसा घ्यावयाचा, आणि पुढील आखाजीस बाकी निघाली म्हणजे पुन्हा त्याच दारांत राबावयाचें, ही चाल त्यांनीं प्रथमच उघड्यावर आणली. जमीन कोणाची गेली, मजुरी किती दिली, हें विचारण्याची हिंमत त्या भागांत तेव्हां आली.

एवढें असतां आज उचलीचा प्रश्न कां उरावा? कारण उचल सोयीची आहे. भर पावसाळ्यांत, घरांत दाणा नसतां, मुलीचें लग्न वा आजारपण पुढें उभें असतां, जो माणूस रोख रक्कम देतो तो त्या घटकेस उपकारकर्ताच वाटतो. नवरा-बायकोच्या जोडीस मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन जीव आणि नांव एका हत्याराचें! बायकोच्या मजुरीची नोंद निराळी होत नाहीं. मुलाची शाळा सुटते ती सुटतेच. आणि हिशेब होतो तो हंगामाच्या शेवटीं, मुकादमाच्या वहीवरून. बाकी फिटली नाहीं तर पुढील वर्षीं कोठें जावयाचें हें त्या कुटुंबानें ठरवावयाचें नसतें.

येथें आमचे कांहीं वाचक रागावतील. उचल घेणारा आपखुशीनें घेतो. तो बाजारांत विकलेला नाहीं, त्याचीं पोरें जन्मतः कोणाची मालमत्ता नाहींत. तेव्हां त्यास गुलामांच्या पंक्तीस बसविणें म्हणजे खऱ्या गुलामांचा उपमर्द होय, असें ते म्हणतील. ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि आम्ही ही तुलना त्या थरास नेत नाहीं. माणूस विकत घेणें व माणसास आगाऊ पैसे देणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आगाऊ पैसा घेणें हा गुन्हाही नाहीं. व्यापारी स्वतः तो रोज घेतो व देतो. पण व्यापाऱ्याची उधारी आणि मजुराची उचल ह्यांत एक भेद आहे. व्यापारी उधारी मालानें किंवा पैशानें फेडतो, आणि न फिटल्यास कोर्टांत जातो. मजूर ती आपल्या देहानें फेडतो, आणि फिटेपर्यंत दुसऱ्याकडे जाऊं शकत नाहीं. काम सोडून जाण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, ह्या एका प्रश्नावर मजुरी कोठें संपते व वेठ कोठें सुरू होते तें ठरतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं तर ह्यापुढें जाऊन असें ठरविलें कीं, गरजेनें नाडलेल्या माणसाकडून किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणें हीही २३ व्या कलमाखालील सक्तीच होय. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत पावणेतीन कोटींहून अधिक माणसें सक्तीच्या मजुरींत होतीं. म्हणजे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाहीं.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. आम्ही माल घेतों, माणसें घेत नाहीं. शेतांत किंवा फडांत काय होतें हें आम्हांस काय ठाऊक? लिव्हरपूलचा दलाल हेंच म्हणे. तो गुलामांस मारीत नव्हता. तो फक्त धाग्याची लांबी पाहत असे. तो खोटें बोलत नव्हता, आणि तरीही त्याच्या मागणीवांचून तें सारें चाललें नसतें. आज कापसाची गांठ परदेशीं पाठवितांना तिच्यांत कोणतें बियाणें, किती ओलावा, किती कचरा हें आम्ही बारकाईनें लिहून देतों. ती कोणी वेंचली व त्यास काय मिळालें, हें लिहून देणें अशक्य आहे असें म्हणण्यास मग कोणतें कारण उरतें?

करितां आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. ज्याच्या शेतांत, जिनांत किंवा कारखान्यांत उचल देऊन माणसें आणलीं जातात, त्यानें दोन प्रतींत हिशेब ठेवावा व एक प्रत मजुराच्या हातांत असावी. बायकोची मजुरी तिच्या नांवें लिहावी व तिच्या हातांत द्यावी. हिशेब हंगामाच्या शेवटीं एकदांच न करतां दर पंधरवड्यास व्हावा. उरलेली बाकी दुसऱ्या मालकास किंवा मुकादमास 'देऊन टाकण्याची' चाल अजिबात बंद व्हावी, कारण बाकीबरोबर माणूस देणें हीच विक्रीची पहिली पायरी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील दक्षता समित्यांनीं आपल्या बैठकी कधीं झाल्या व त्यांत काय ठरलें हें प्रसिद्ध करावें. आणि नगरपालिका, व्यापारी मंडळें व वकीलवर्ग यांनीं तें विचारावें. ह्यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा नको.

आमचें शहर ज्या पिकावर वाढलें, त्या पिकाचा भाव एकदां गुलामांच्या मुक्ततेच्या लढाईनें चढला, आणि आमच्या आधींच्या पिढ्यांनीं त्याचा लाभ घेतला. तो परत करण्याचा मार्ग आज उरलेला नाहीं. पण येत्या आखाजीस सालदार ठरवितांना, आणि येत्या पावसाळ्यांत उचलीची रक्कम मोजतांना, समोरच्या माणसास नको असल्यास निघून जातां येईल एवढी व्यवस्था करणें हें प्रत्येक मालकाच्या हातांत आहे. तेवढी तरी त्यांनीं करावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.